कोरडा राहिलेला झेंडा

"दुसरं कुणी नाही का?" क्लाइव्हनं विचारलं.

विचारलं डेनीजला, पण नजर माझ्या हातांवर होती. मी खाली बसून त्याच्या वडिलांच्या बुटांच्या नाड्या बांधत होते.

"आज ड्यूटीवर पाच जणी आहेत," डेनीज म्हणाली. ती आमच्या वृद्धाश्रमाची मॅनेजर. "एक नायजेरियाची, दोघी केरळच्या, एक फिलिपिन्सची आणि ही सू. कोण हवी ते सांग."

क्लाइव्हनं जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. "तूच चल ना," तो म्हणाला.

"माझी पाठ धरलीय. आणि मैलभर व्हीलचेअर ढकलणं माझ्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही."

माझं नाव सू नाही, सुवार्ता. सुवार्ता आवळे, मिरजेची. तिथं अकरा वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते. इंग्लंडला आले ती केअरर म्हणून, म्हणजे म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, धुवायचं, पुसायचं. नवरा आणि सहा वर्षांची मुलगी मिरजेत होती, त्यांना इकडं आणायची खटपट चालू होती. माझा व्हिसा या वृद्धाश्रमाच्या नावाला बांधलेला होता. नोकरी गेली की साठ दिवसांत देश सोडायचा, असं कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि तो कागद मला पाठ होता.

त्या दिवशी तेवीस एप्रिल होता, इंग्लंडचा रक्षक संत सेंट जॉर्ज याचा दिवस. पूर्व किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावात महिनाभर आधीपासून झेंड्यांची साथ आली होती. क्लाइव्ह आणि त्याचे मित्र शिडी घेऊन गावभर फिरत आणि दिव्याच्या प्रत्येक खांबाला झेंडा बांधत. खांबावरचा दिवा गेला असेल तर तो गेलेलाच राही, झेंडा मात्र नवा. पांढऱ्यावर लाल क्रूस, इंग्लंडचा. निळा-लाल-पांढरा असतो तो सगळ्या ब्रिटनचा, वेगळा, हेही मला क्लाइव्हनंच शिकवलं. "त्यात स्कॉटिश लोकही येतात," तो म्हणाला होता. "हा फक्त आमचा." क्लाइव्ह साठीचा होता. खिडक्या बसवण्याचा त्याचा धंदा होता, छाती पिंपासारखी होती, आणि वडिलांना भेटायला तो, मी आल्यापासूनच्या आठ महिन्यांत, दुसऱ्यांदा आला होता.

वडिलांचं नाव अर्नेस्ट हॅलम. वय अठ्ठ्याऐंशी. गावच्या बागेत चाळीस वर्षं माळी होते. फार बोलत नसत, पण बोलले की कोपरखळी मारल्याशिवाय राहत नसत. हृदयाच्या दुखण्यामुळे त्यांना रोज सकाळी लघवीची गोळी असायची. ती घेतली की पुढं चार तास दर चाळीस मिनिटांनी बाटली लागायची. ते खुर्चीच्या हातावर दोनदा टिचकी मारत, मी पडदा ओढून बाटली देत असे, दोन मिनिटांत काम संपे. मी तिथं रुजू झाल्यापासून त्यांची पँट एकदाही ओली झाली नव्हती. डेनीजला ही कटकट वाटे. डायपर बांधला की सगळ्या मोकळ्या, असं तिचं सरळ गणित होतं. त्यावर मिस्टर हॅलम एकदाच बोलले होते, माझ्यादेखत. "मला ते ज्या दिवशी बांधाल, त्या दिवशी माझी खोली दुसऱ्याला देऊन टाका. मी तिथं नसेनच."

तर या माणसाला क्लाइव्ह मोर्चाला न्यायला आला होता. आणि नियम असा, की गोळीवरचा रहिवासी केअररशिवाय दाराबाहेर जाऊ शकत नाही. "आमचा देश आम्हाला परत द्या" म्हणणाऱ्या मोर्चात खुर्ची ढकलायला मिरजेची बाई, हे काही क्लाइव्हच्या चित्रात बसत नव्हतं. पण खुर्ची स्वतः ढकलावी असं त्याच्या मनातही आलं नाही.

त्यानं खिशातून एका पट्टीवर टाचलेली चार मेडल्स काढली आणि वडिलांच्या कोटाला लावली.

"ही कुणाची?" मिस्टर हॅलमनी विचारलं.

"तुमचीच समजा, डॅड."

"मी सैन्यात दोन वर्षं बटाटे सोलले. तेही सक्तीची भरती होती म्हणून. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो."

"लोकांना कुठं माहीत आहे ते?"

मिस्टर हॅलमनी मान खाली घालून मेडल्सकडे पाहिलं. क्लाइव्ह गाडीकडे गेला तसे ते मला हळूच म्हणाले, "सू, पोरी, नको म्हणू नकोस. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मला बरोबर चला म्हटलंय."

मग मी काय बोलणार? मी पिशवीत बाटली घातली, टॉवेल घातला आणि बाहेर जाऊन क्लाइव्हला गाठलं. "दर चाळीस मिनिटांनी त्यांना बाटली लागते. टिचकी मारली की थांबायचं. आडोसा लागतो. तेवढं सांभाळलं तर ते दिवसभर छान राहतील."

"हो, हो, कळलं," तो म्हणाला. हे तो मोबाइलमध्ये बघून म्हणाला.

गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी दोनेकशे माणसं जमली होती. अंगावर झेंडा पांघरलेली, गालावर झेंडा रंगवलेली, कुत्र्याच्या पाठीवर झेंडा बांधलेली. एका बाईनं तर तान्ह्या मुलाला झेंड्यातच गुंडाळलं होतं. मी जन्मानं ख्रिस्ती, दर रविवारी त्याच गावच्या चर्चमध्ये जाणारी. तिथं आम्ही बावीस जण असायचो, त्यातले तेरा केरळचे. त्या लाल क्रूसाखाली छाती काढून चाललेल्यांपैकी एकही चेहरा मी कधी तिथं पाहिला नव्हता. क्रूस यांना पांघरायला चालत होता, त्याच्यापुढं गुडघे टेकायला नको होते. मनातल्या मनात मी त्या सगळ्यांना मिरजेच्या भाषेत दोन-चार शब्द ऐकवले आणि चेहरा मात्र सिस्टरचा ठेवला.

एका माणसानं माझ्या हातात कागदी झेंडा कोंबला. "हा धर म्हणजे कुणी काही बोलणार नाही," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, माझ्यावर उपकार करतोय असंच त्याला वाटत होतं. दोन्ही हातांनी खुर्ची ढकलायची असल्यामुळे मी तो झेंडा दातांत धरावा की काय, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. मी तो पिशवीत टाकला.

वाटेत फोटोसाठी थांबलो. "जरा बाजूला हो," क्लाइव्ह मला म्हणाला. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण त्याच्या आवाजात तूच होतं.

"इथं उतार आहे. ब्रेक जुना आहे. मी सोडली तर हे थेट समुद्रात जातील."

"मग खाली वाक."

मी वाकले. मुलगा बापाच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला आणि मी खुर्चीमागे कोंबडीसारखी दबून बसले. मिस्टर हॅलम मान न वळवता पुटपुटले, "सू, तिकडं पाठीमागं इंग्लंड दिसतंय का गं?"

"नाही. तुमची कॉलर दिसतेय. मळलीय."

ते हसले. फोटो चांगला आला असणार.

घड्याळापासून निघालो तेव्हा एकदा, एका दुकानाच्या बोळात, मी त्यांना बाटली दिली होती. म्हणजे पुढची वेळ समुद्रकाठी येणार हे मला ठाऊक होतं. समुद्रकाठी एक सार्वजनिक संडास आहे, तिथं नेऊ असं मी मनाशी धरलं होतं. पोचलो तर त्याच्या दाराला कुलूप. आधीचं असावं, गंजलं होतं. कुलूप काढून देण्यासाठी यांच्यापैकी कुणी मोर्चा काढला नव्हता. दारावर झेंडा मात्र चार खिळ्यांनी ठोकलेला होता.

एक उघडा ट्रक उभा करून त्याचं स्टेज केलं होतं. फळी लावून चार जणांनी खुर्ची वर चढवली. मीही चढले, कारण ब्रेक धरायला कुणीतरी हवं होतं. समुद्रावरून बोचरा वारा येत होता. क्लाइव्हनं एक मोठा झेंडा, डबलबेडच्या चादरीएवढा, वडिलांच्या गुडघ्यांवर पसरला आणि माइक हातात घेतला.

"हे माझे वडील!" तो ओरडला. "या मातीसाठी लढले! आज यांच्याच गावात यांना परकं वाटतंय!"

टाळ्या पडल्या. मिस्टर हॅलम माझ्याकडे बघून म्हणाले, "बटाट्यांशी लढलो म्हणावं." आणि त्याच वेळी त्यांच्या बोटांनी खुर्चीच्या हातावर टिचकी मारली. एक, दोन.

मी क्लाइव्हच्या बाहीला धरलं. "त्यांना जायचंय."

"दोन मिनिटं. आता गाणं आहे."

"त्यांच्याजवळ दोन मिनिटं नाहीत."

"लहान मूल आहे का ते?" तो म्हणाला आणि लोकांकडे वळला.

फळीवरून खुर्ची उतरवायला चार माणसं लागणार होती, आणि ती चारही माणसं गाण्यासाठी छातीवर हात ठेवून उभी राहिली होती. मी खुर्ची फिरवून लोकांकडे पाठ केली, ब्रेक लावला, पिशवीतून बाटली काढली. पण ट्रक चहूबाजूंनी उघडा आणि कडेलाही माणसं उभी, आता फक्त आडोसा हवा होता. माझं जाकीट कमरेपर्यंतचं. टॉवेल वाऱ्यानं उडत होता. मिस्टर हॅलमनी ओठ घट्ट मिटले होते आणि त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता. मी त्यांच्या मांडीवरच्या झेंड्याचं टोक धरून वर उचललं. पडदा म्हणून तो अगदी नामी होता. आजवर त्या गावात त्याचा तेवढा उपयोग कुणी केला नसेल.

माइक खाली आपटल्याचा आवाज झाला. क्लाइव्हनं दुसरं टोक पकडलं होतं.

"काय करतेस तू? तो झेंडा आहे!"

"आडोसा हवाय. एकच मिनिट. तुम्ही ती बाजू धरा."

"त्याच्या आड मुतायचं? माणसं मेलीत यासाठी!"

"तुमचे वडील—"

"सोड म्हणतो ना!"

त्यानं हिसका दिला. जन्मभर खिडक्या उचललेला माणूस, आणि माझ्या एका हातात बाटली. झेंडा माझ्या मुठीतून निसटला. क्लाइव्हनं तो वडिलांच्या अंगावरून ओढून घेतला आणि चिखलातून जाताना बायका साडीचा घोळ सावरतात तसा दोन्ही हातांनी उंच धरला. खाली दोनशे माणसं गाऊ लागली होती.

मिस्टर हॅलमनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग कुठंच पाहिलं नाही. करडी पँट होती. सकाळी त्यांनी ती माझ्याकडून पुन्हा इस्त्री करून घेतली होती, मुलाबरोबर जायचं म्हणून. ती मांडीपासून काळी होत गेली. मग खुर्चीखालून ओघळ निघाला आणि ट्रकच्या फळ्यांवरून कडेला गेला. कडेला उभ्या असलेल्यांनी पाहिलं. एका बाईनं मोबाइल खाली घेतला, जरा थांबली, आणि पुन्हा वर धरला. मी जाकिटाची दोन्ही टोकं पसरून त्यांच्यापुढं उभी राहिले. आता त्याचा काहीही उपयोग नव्हता.

क्लाइव्ह वळला. त्यानं वडिलांकडे पाहिलं, ओघळाकडे पाहिलं, मग हातातल्या झेंड्याची कड उलटसुलट करून तपासली. कड कोरडी होती. तो वाकला. मला अजून आठवतंय, क्षणभर वाटलं की हा आता बापाला जवळ घेईल. त्यानं खुर्चीला अंग लागू न देता वडिलांच्या कोटाची मेडल्स काढून घेतली.

"यांना घेऊन जा," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी टॉवेल त्यांच्या मांडीवर घातला होता, त्यावर माझं जाकीट. खांबाखांबावर झेंडे फडफडत होते.

"सू."

"हं?"

"झेंडा भिजला का?"

"नाही."

"वाईट झालं."

मला हसू फुटलं. तेही हसले. हसता हसता त्यांचा खालचा ओठ थरथरायला लागला, तेव्हा मी पुढं बघून खुर्ची ढकलत राहिले.

सोमवारी क्लाइव्हची तक्रार आली. केअररनं वडिलांना वेळेवर लघवीला नेलं नाही, सर्वांसमोर त्यांची विटंबना केली, राष्ट्रध्वजाचाही अपमान केला. डेनीजनं मला ऑफिसात बोलावलं आणि एक फॉर्म पुढं सरकवला. 'घटनेचं कारण' असं लिहून खाली दोन चौकोन होते. पहिला, कर्मचाऱ्याची हयगय. दुसरा, रहिवाशाचा लघवीवरचा ताबा सुटला आहे.

"तिसरा चौकोन कुठंय?" मी विचारलं.

"कसला?"

"मुलानं आडोसा ओढून घेतला, हा."

"तसा चौकोन नाही, सू."

"मिस्टर हॅलमना विचारा."

"विचारलं. ते म्हणाले, पोरीची चूक नाही, माझ्या मुलाची आहे." डेनीजनं चष्मा काढला. "पण क्लाइव्हनं लिहून दिलंय की वडील आता भ्रमात असतात. आपण लढाईत होतो हेसुद्धा त्यांना आठवत नाही, असं लिहिलंय."

तिला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं, किंवा दिसत असून ती हसत नव्हती.

"पहिल्या चौकोनावर खूण केलीस तर चौकशी होणार," ती म्हणाली. "चौकशी सुरू असलेल्या माणसाचा व्हिसा कंपनी पुढं चालवत नाही. दुसऱ्यावर केलीस तर कुणाचीच चूक नाही. म्हातारा माणूस, झालं."

"आणि मग त्यांना डायपर?"

"नियमच आहे तसा. दिवसरात्र." तिनं चष्मा पुन्हा घातला. "ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत गं. आज ना उद्या होणारच होतं."

चहाच्या सुट्टीत मी मिरजेला फोन लावला. माझा नवरा शमुवेल सगळं ऐकून म्हणाला, "सुवार्ता, डोकं फिरलंय का तुझं? यात विचार करण्यासारखं काय आहे? पोरीचा पासपोर्ट गेल्या आठवड्यात आलाय. रोज उशाला घेऊन झोपतीय ती. सही कर आणि मोकळी हो बघ."

"त्यांनी मला कधी एका शब्दानं दुखवलं नाही रे."

"मग ते समजून घेतील की."

मी दुसऱ्या चौकोनावर खूण केली आणि खाली सही केली. क्लाइव्हच्या झेंड्यावर मी थुंकत होते मनातून, आणि त्याला हवं होतं तेच कागदावर लिहून देत होते. त्याचा बाप भ्रमात आहे, ताबा सुटलेला आहे, त्याचं कुणी ऐकू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डायपरचं पाकीट घेऊन मिस्टर हॅलमच्या खोलीत गेले तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते. बाहेर क्लाइव्ह शिडीवर चढून समोरच्या खांबाला झेंडा बांधत होता. बांधून झाल्यावर तो खाली उतरला, मागं सरून कंबरेवर हात ठेवून त्यानं आपलं काम पाहिलं, शिडी गाडीवर चढवली आणि गेला. आमचं दार तिथून वीस पावलांवर होतं.

"सरळ बांधलाय," मिस्टर हॅलम म्हणाले. "लहानपणी त्याला गाठ मारता येत नव्हती. मीच शिकवली."

मग त्यांनी माझ्या हातातलं पाकीट पाहिलं.

मी ठरवून आले होते की नियमावर ढकलायचं, डेनीजचं नाव घ्यायचं. तोंडातून निघालं ते दुसरंच. "मी सही केली, मिस्टर हॅलम. तुमचा ताबा सुटलाय अशी. नाहीतर माझी नोकरी जात होती."

त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर आली, तिथंच थांबली आणि परत मांडीवर गेली.

"तुझी मुलगी केवढी आहे म्हणालीस?"

"सहा वर्षांची."

"येणार ना आता इकडे?"

"हो."

"तिला समुद्र दाखव," ते म्हणाले. "तो अजून कुणी गुंडाळून नेलेला नाही."

मी त्यांना पलंगावर घेतलं. दाराला कडी नव्हती म्हणून पडदा ओढला. हे करताना बहुतेक म्हातारे हात झटकतात, शिव्या देतात, रडतात. जड माणूस असला तर मदतीला दुसरी बाई बोलवावी लागते. मिस्टर हॅलमनी छताकडे बघत दोन्ही टाचा गादीत रोवल्या आणि मला सोपं जावं म्हणून कंबर स्वतःच वर उचलून धरली.